नेपियर खाऊनपण शेणात काड्या, एन्झाइम टाकून फरक नाही? आधी हे तपासा

आधी लक्षणं सांगतो, तुमच्या गोठ्याशी जुळतात का बघा. गाय दावणीतलं हिरवं, म्हणजे नेपियर (हत्ती गवत), संपवते, पोट टम्म दिसतं, पण दूध जिथल्या तिथं. फॅटची स्लिप कधी ३.२ कधी ३.६ अशी वरखाली. शेणात बोटाच्या पेराएवढ्या काड्या जशाच्या तशा पडतात, शेण कधी थरावर थर रचल्यासारखं घट्ट तर कधी ताकासारखं. अंगावर मांस धरत नाही, बरगड्या मोजता येतात, व्याल्यावर माजावर यायला उशीर. आणि मग कुणीतरी सांगतं की गवत पचेना झालंय, एन्झाइम (गवताचे तंतू तोडणारी पावडर) चालू कर. पाकीट येतं, महिनाभर चारलं जातं, फरक शून्य, आणि मालक दुकानात येऊन म्हणतो हे पाकीट डुप्लिकेट दिलं का काय.

मी मोहोळ भागात पेंड-भरड्याचं दुकान चालवतो, ही पाकिटं मीच विकतो, म्हणजे माझा धंदा बघता मी दुसरं पाकीट गळ्यात मारायला पाहिजे. पण एवढ्या गोठ्यात जाऊन हाच घोळ निस्तरलाय की आता पाकीट मागितलं की मी आधी गवत कितव्या दिवसाचं आहे तेच विचारतो. बऱ्याचदा पाकिटाचा दोष नसतो, ज्या पोटात ते जातंय तिथं त्याला काम करायला जागाच नसते. खालच्या गोष्टी ज्या क्रमानं लिहिल्यात त्याच क्रमानं करा, फुकटातल्या आधी, खर्चाच्या नंतर.

शेण धुवून बघा (खर्च काही नाही)

घरातली जुनी पिठाची चाळण घ्या, परत घरात न्यायची नाही अशी. सकाळचं ताजं शेण, दोन ओंजळी, चाळणीत घेऊन नळाखाली किंवा बादलीतल्या पाण्यात हळूहळू हलवत धुवा, खालून स्वच्छ पाणी यायला लागेपर्यंत. वर काय राहिलं ते पांढऱ्या गोणपाटावर पसरा आणि नीट बघा. बारीक भुश्यासारखं राहिलं तर पचन ठीक चाललंय. अर्धा इंचापेक्षा लांब काड्या मुठभर निघाल्या, काड्यांची टोकं अजून कापल्यासारखी धारदार, मधला गर तसाच, तर तंतू न पचता बाहेर पडतोय. मक्याचे दाणे, सरकीचे अख्खे बी दिसलं तर तुमचे पैसे शेणातून उकिरड्यावर चाललेत. आणि चिकट शेंबडासारखं काही, किंवा आतड्याची साल निघाल्यासारखे पापुद्रे दिसले तर ते वेगळं प्रकरण, त्याचं पुढं भरड्याच्या मुद्द्यात सांगतो.

हे दोन-तीन गायांचं वेगवेगळं करा. एकाच गाईच्या शेणात काड्या असतील आणि बाकीच्यांचं बरं असेल तर दोष वैरणीत नाही, त्या गाईत आहे, दात, जंत किंवा आजार. सगळ्यांच्याच शेणात असतील तर वैरण आणि चारायची पद्धत. नुसती ही एक गोष्ट केली तरी पुढची निम्मी धावपळ वाचते.

रवंथ मोजा

चारून झाल्यावर दोन-तीन तासांनी, गायी बसल्या असतील तेव्हा गोठ्यात जा, लांबूनच बघा, जवळ गेलात की उठतात. बसलेल्यांपैकी निम्म्यापेक्षा जास्त गायी रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. एका घासाला किती वेळा चावते ते मोजा, पन्नास-साठच्या आसपास यायला पाहिजे. चाळीसच्या खाली येत असेल तर पोटात खरबरीत वैरण कमी पडतीय किंवा कुट्टी फार बारीक आहे. रवंथ का महत्त्वाची तर त्यातून लाळ सुटते, लाळेत सोडा असतो, आणि तो सोडाच पोटातली आम्लता धरून ठेवतो. पोट आंबट झालं की गवत पचवणारे जिवाणूच बसतात, मग वरून टाकलेलं एन्झाइम एकटं काय करणार.

पाणी

याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही म्हणून लिहितो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, दहा-बारा लिटर दूध देणाऱ्या गाईला त्या दिवसात सत्तर-ऐंशी लिटर किंवा जास्तच पाणी लागतं, आणि बांधलेल्या गाईला मिळतं काय, तर सकाळी एक बादली संध्याकाळी एक बादली. पोटातलं सगळं काम पाण्यातच होतं, पाणी कमी की पोट हालत नाही, वैरण आत पडून राहते. दुपारी बाराला बादली पुढं ठेवून बघा, एका दमात रिकामी केली तर ती तहानलेलीच होती. पत्र्यावरच्या काळ्या टाकीतलं चटका बसेल असं पाणी गाय पीत नाही, टाकीला सावली करा. हौदातलं शेवाळ घासा. मुक्त गोठा असेल तर हा मुद्दा सोडा, पुढं चला.

गवताचं वय, म्हणजे खरा दोष इथंच

इथं जरा थांबून वाचा.

आपल्याकडं उजनीचं पाणी आलं तिथं प्रत्येकाच्या बांधाला नेपियर आहे, फुले जयवंत असो, डीएचएन-६ असो, नाहीतर ते सुपर नेपियर. आणि मोठेपणा कशाचा, तर उंचीचा. पंधरा फूट गवतात उभं राहून फोटो काढायचा आणि स्टेटसला टाकायचा. अहो फोटोला उंच गवत छान दिसतं, गाईच्या पोटाला नाही. नेपियरची पहिली कापणी लावल्यापासून साठ-सत्तर दिवसांनी आणि त्याच्यापुढं दर ४५-५० दिवसांनी, हा साधा हिशोब. याच्या पुढं गेलं की पान कमी कांडं जास्त, आणि कांड्यात लिग्निन भरायला लागतं, म्हणजे लाकूडपणा. वेळेवर कापलेल्या नेपियरमध्ये सुक्या वजनावर आठ-दहा टक्के प्रथिनं असतात, तीन महिन्याच्या जून गवतात ती पाच-सहावर येतात.

आता एन्झाइम काय करतं ते समजून घ्या म्हणजे का चालत नाही ते कळेल. पाकिटात असतं मुख्यतः सेल्युलेज आणि झायलनेज, बुरशीपासून बनवलेलं. हे गवताच्या तंतूंतला सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज तोडतं. लिग्निनला ते हात लावत नाही. लिग्निन तोडायला ज्या बुरशा लागतात त्यांना ऑक्सिजन लागतो आणि गाईच्या पोटात ऑक्सिजन नसतो, त्यामुळं गाईचे स्वतःचे जिवाणूपण तिथं हात टेकतात. जून कांड्यात खायचा माल आतमध्ये आणि बाहेरनं लिग्निनची तटबंदी. म्हणून जून गवतावर एन्झाइम म्हणजे कुलपाला चावी न लावता दार पुसत बसल्यासारखं आहे.

तपासायचं कसं, तर कॅलेंडर नंतर, आधी कोयता. बुडख्यापासून हातभर वर कांडं तोडा आणि तोडलेल्या तोंडावर अंगठ्याचं नख दाबा. नख आत गेलं, रस आला, तर गवत चारायजोगं. नख घसरलं, आतमध्ये पांढरा कोरडा भेंडासारखा गर आणि साल टणक, तर ते गवत वयात गेलं. हा अंदाज हंगामाप्रमाणं बदलतो, पावसाळ्यात नेपियर झपाट्यानं वाढतं, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत थांबल्यासारखं होतं, म्हणून नुसते दिवस मोजून चालत नाही.

उपाय फुकट आहे. प्लॉटचे सात पट्टे पाडा, आठवड्याला एक पट्टा कापा, सातवा संपेपर्यंत पहिल्याला ४९ दिवस झालेले असतात. जमिनीपासून चार-सहा बोटं वर कापा म्हणजे फुटवा चांगला येतो. गायी कमी आणि गवत जास्त म्हणून मागं राहत असेल तर जून होऊ देऊ नका, कापून मुरघास (हवाबंद मुरवून साठवलेला चारा) करा नाहीतर शेजाऱ्याला विका. मुरघास करताना मात्र नेपियरमध्ये साखर कमी आणि पाणी जास्त, म्हणून कापल्यावर सुकवून मगच भरायचं आणि मळी किंवा गूळपाणी मारायचं, नाहीतर वास मारतो आणि गाय तोंड लावत नाही. मुरघासात टाकायचं एन्झाइम-कल्चर हे वेगळं प्रॉडक्ट असतं, ते गाईला चारायचं नाही, गवत भरताना फवारायचं, तिथं ते तंतूंतून साखर मोकळी करून देतं. दोन्ही पाकिटं एक समजून अदलाबदल करणारे लई भेटलेत.

एक उलटं टोकपण आहे. पार कोवळं, गुडघाभर गवत रोज पोटभर चारलं तर शेण पातळ होतं आणि ऑक्झलेट जास्त जातं, ते कॅल्शियम धरून ठेवतं. गळीत हंगामात ऊसाचं वाढं (शेंड्याचा पाला) चारता तेव्हापण तेच, म्हणून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायची आपली जुनी पद्धत आहे ती चुकीची नाही. आणि ज्वारीचे पोंगे, पाऊस ताणला की सुकलेले, कापल्यावर फुटलेले, ते तर फुलोऱ्याच्या आधी चारायचेच नाहीत, त्यात जे विष तयार होतं त्यानं जनावर तासाभरात जातं, पचनाचा प्रश्न उरतच नाही.

हिरव्यानं पोट भरतं, पण कशानं?

नेपियरमध्ये ऐंशी टक्क्याच्या आसपास पाणीच असतं. तीस किलो नेपियर घातलं म्हणजे सुका माल साडेपाच-सहा किलो. चारशे किलोच्या दुभत्या गाईला रोजचा सुका माल लागतो बारा किलोच्या आसपास. मग बाकीचा येतो कुठून, कडब्यातून आणि पेंडीतून. मंगळवेढ्याचा मालदांडीचा कडबा गोड, जनावर आवडीनं खातं, पण त्यात प्रथिनं तीन-चार टक्केच. जून नेपियर, वाढं आणि कडबा हे तिन्ही एकत्र केलं तर सगळी वैरण मिळून प्रथिनं सातच्या खाली जातात.

सात हा आकडा लक्षात ठेवा. त्याच्या खाली पोटातल्या जिवाणूंनाच खायला मिळत नाही, त्यांची संख्या वाढत नाही, आणि गवत पचवायचं काम तर तेच करतात. गाय गवत खात नाही हो, गाय जिवाणू पाळते आणि जिवाणू गवत खातात. त्यांना उपाशी ठेवून वरून एन्झाइम टाकलं तर तंतूतून थोडी साखर सुटेल पण ती वापरायला कुणी नाही.

स्वस्त उपाय आधी. लसूणघास रोज पाच-सात किलो, किंवा चवळी, बांधावरची शेवरी. सुबाभूळपण चालते पण हिरव्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, त्यात मायमोसिन असतं, जास्त झालं की केस गळतात. हे नसेल तर सरकी पेंड अर्धा-एक किलो वाढवून बघा. पंधरा दिवसात शेणातल्या काड्या कमी होतात, माझ्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जणांचं इथंच काम झालं आणि त्यांनी एन्झाइमचं पाकीट न्यायचं बंद केलं, मला काही वाईट वाटत नाही, पेंड तर माझ्याकडूनच नेतात.

कुट्टी

एक ते दोन इंच. त्याच्यापेक्षा लांब असली की गाय पानं निवडून खाते आणि कांड्या दावणीत ढकलते, सकाळी दावणीत काय उरलंय तेवढं बघा, कळेल. आणि पार भुसा केली की पोटात थांबतच नाही, पचायच्या आधीच पुढं सरकते, रवंथपण कमी होते. मशीनचं पातं बोथट असेल तर कुट्टी कापल्यासारखी न होता ठेचल्यासारखी, दोऱ्या निघाल्यासारखी होते. पात्याला धार लावायला फार पैसे लागत नाहीत, लावून घ्या.

भरडा, शिळी भाकरी आणि लग्नातला भात

दूध वाढवायचं म्हणून सकाळ-संध्याकाळ एकाच घमेल्यात चार-चार किलो मक्याचा भरडा. पोटात स्टार्च एकदम गेला की आम्ल एकदम तयार होतं, पीएच सहाच्या खाली गेला की तंतू पचवणारे जिवाणू काम थांबवतात. शेण पातळ, फेसाळ, चाळणीत शेंबूड आणि पापुद्रे, फॅट खाली, कधी खुरं दुखतात. मघाशी म्हटलं ते वेगळं प्रकरण हेच. लोक म्हणतात गवत पचेना, आणि गवताचा यात काहीच गुन्हा नसतो.

एका वेळी अडीच-तीन किलोच्या वर आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक) नको, जास्त द्यायचंच असेल तर तीन-चार वेळा विभागून द्या, आणि आधी वैरण मग आंबोण. लग्नसराईत मांडवातला उरलेला भात, पोळ्या, शिळ्या भाकऱ्या आणून गाईला घालायची पद्धत आहे ना, ती बंद करा. पुण्य मिळेल न मिळेल, डॉक्टरचं बिल नक्की मिळतं. सोडा किती द्यायचा ते डॉक्टरला विचारूनच, मनानं मूठमूठ टाकू नका.

वैरण बदलताना पण हेच. कडब्यावरून एकदम नेपियरवर, नेपियरवरून एकदम मुरघासावर नेऊ नका, दहा-पंधरा दिवस घेऊन हळूहळू बदला, पोटातल्या जिवाणूंची जमात बदलायला तेवढा वेळ लागतोच.

मिनरल मिक्श्चर आणि जंत

मिनरल मिक्श्चर आणि मीठ रोजच्या रोज द्या, मोजून, लेबलप्रमाणं. नेपियर-वाढ्यावरच्या गायींना जास्तच गरज. एवढंच.

जंतांसाठी आधी औषध नाही, आधी तपासणी. स्वच्छ डबीत ताजं शेण घ्या, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या, कॅनॉलकडंचं किंवा पाणथळ जागेतलं गवत चारत असाल तर लिव्हर फ्लूकचंपण (लिव्हरमधला चपटा जंत) बघायला सांगा, कारण साधं जंतनाशक त्याच्यावर चालेलच असं नाही. वजनाच्या अंदाजानं कमी डोस दिला की जंत मरत नाहीत, उलट औषधाला दाद देईनासे होतात. गाभण गाईला तर विचारल्याशिवाय काहीच पाजू नका.

कडबा जुना, निबर असेल तर युरिया प्रक्रिया

इथून पुढं मेहनत आणि जोखीम वाढते. एन्झाइम जे करू शकत नाही ते युरिया थोडंफार करतो, त्यातून सुटणारा अमोनिया लिग्निनची पकड सैल करतो आणि नायट्रोजनपण देतो. शंभर किलो सुक्या कुट्टीला चार किलो युरिया, चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर-थर करून शिंपडायचा, दाबून, प्लास्टिकनं हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचं. चारायच्या आधी पसरवून वास उडू द्यायचा. फक्त सुक्या वैरणीला, हिरव्या नेपियरला नाही. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना नाही. आणि युरियाच्या पाण्याची बादली जनावराच्या तोंडाशी येईल अशी क्षणभरपण ठेवू नका, दोन घोट गेले तरी गाय हातची जाते. पहिल्यांदा करताय तर ज्यानं केलंय त्याला किंवा डॉक्टरला शेजारी उभं करून करा.

आता एन्झाइम

वरचं सगळं जागेवर आलं आणि तरी वाटतंय अजून थोडं निघेल, तर मग पाकीट. कुठं फायदा दिसतो ते सांगतो, नुकत्याच व्यालेल्या, जास्त दुधाच्या, पोटात जेवढं जाईल तेवढं कमीच पडतं अशा गाईत. भाकड किंवा तीन-चार लिटरवर आलेल्या गाईला देऊ नका, तिचं भागतंय. खिल्लार खोंडाला तर कुणीतरी देत होतं, कशाला ते त्यालाच माहीत.

लेबल वाचा. सेल्युलेज आणि झायलनेज लिहिलेलं पाहिजे. फायटेज, प्रोटीएज मोठ्या अक्षरात असेल तर ते पाकीट बहुतेक कोंबड्यांसाठीचं आहे, गाईच्या पोटातले जिवाणू फायटेज स्वतःच बनवतात, तिला विकत द्यायची गरज नाही. यीस्ट म्हणजे एन्झाइम नाही, यीस्ट पोटाची आम्लता सांभाळायला मदत करतं, दोन्ही असलेली पाकिटं असतात ती चालतील, पण काय विकत घेतोय ते कळलं पाहिजे. युनिटचे मोठे आकडे बघून भुलू नका. प्रयोगशाळेत ते बऱ्याचदा पन्नास डिग्रीला आणि आंबट पाण्यात मोजतात, गाईच्या पोटात ३९ डिग्री आणि पीएच सहा-साडेसहा, तिथं ते तेवढं चालतंच असं नाही. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून जास्त ते भारी असं होत नाही.

द्यायचं कसं, यात लोक सगळं घालवतात. नळीनं पाजू नका. वैरणीला चिकटलेलं एन्झाइम पोटात टिकतं, मोकळं गेलेलं पोटातले जिवाणू प्रथिन म्हणून लवकर फस्त करतात, एन्झाइम हेपण शेवटी प्रथिनच आहे. पावडर आंबोणात कोरडीच नीट मिसळा, किंवा पाण्यात विरघळवून कडब्याच्या कुट्टीवर शिंपडा, खालीवर करा आणि तासभर ठेवून मग चारा. ओली कुट्टी उन्हाळ्यात रात्रभर ठेवू नका, गरम होऊन आंबते. पाणी साधं घ्या, गरम पाण्यात आंबोण शिजवून त्यातच पावडर टाकली तर एन्झाइम तिथंच मेलं. पाकीट पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवलेलं मी कितीदा बघितलंय, मे महिन्यात त्या पत्र्याखाली माणूस थांबत नाही. घरात, सावलीत, तोंड घट्ट बांधून ठेवा. आणि डोस दुप्पट केला तर फायदा दुप्पट होत नाही, कधी कधी उलट कमी होतो, लेबलवर आहे तेवढाच.

फरक बघायची पद्धतपण शिस्तीत ठेवा. तीन आठवडे चालू, दोन आठवडे बंद, परत चालू, आणि त्या काळात पेंड, वैरण, धारेची वेळ काहीच बदलायचं नाही. त्याच गाईचं दूध वेगळं मोजा, फॅट वेगळं लावा, डेअरीला जाणाऱ्या एकत्र कॅनवरून काही कळत नाही. मग हिशोब. समजा पाकिटाचा खर्च दिवसाला गाईमागं बारा रुपये येतोय आणि दुधाला तुम्हाला तीस रुपये मिळतात, तर रोज ४०० मिली दूध वाढलं तेव्हा कुठं बरोबरी. त्याच्या खाली असेल तर बंद करा आणि त्या पैशाचं लसूणघासाचं बी आणा. चमत्कार होत नाही, झाला तर थोडाच फरक होतो, आणि तोपण ज्याचं बाकी सगळं नीट आहे त्याच्याच गोठ्यात. सात लिटरची गाय चौदावर गेली असं कुणी सांगत असेल तर त्याला बसवून चहा पाजा आणि घरी पाठवा.

इथं थांबा आणि डॉक्टरला बोलवा

वरचं सगळं हे खातं-पितं, चालतं-फिरतं जनावर गृहीत धरून लिहिलंय. खालचं काही दिसलं तर चाळणी ठेवा, पाकीट ठेवा, आणि फोन लावा, तालुक्याच्या दवाखान्याला किंवा १९६२ या टोल फ्री नंबरला.

डावी कूस ढोलासारखी ताणलेली, टिचकी मारली की ढबढब वाजतंय, श्वास जोरात. ही पोटफुगी, तासांचा खेळ आहे. गाय धान्याच्या पोत्यात तोंड घालून किलोच्या किलो खाऊन बसली, अजून बरी दिसत असली तरी लगेच, थांबून बघू म्हणू नका. ज्वारीचे पोंगे खाऊन थरथर, धापा, तर एक मिनिटपण नाही. दिवसभर वैरणीला तोंड लावलं नाही, रवंथ बंद. ताप १०३ च्या वर. शेण काळं डांबरासारखं किंवा रक्त. दात खाते, पाठ कमानीसारखी, उतारावर चालताना कण्हते, अशा वेळी पोटात तार किंवा खिळा असू शकतो, कडब्याच्या पेंढ्या तारेनं बांधणाऱ्यांनी जरा विचार करा. व्याल्यानंतर दोन-तीन दिवसात बसली आणि उठेना, कान गार. व्याल्यावर पंधरा दिवसांनी आंबोण सोडून फक्त कडबा खाते, झपाट्यानं वाळते, तोंडाला गोडसर वास. यातलं एकही गवताच्या पचनाचं नाही, आणि एन्झाइम, इनो, ताक, तेल यानं बरं होत नाही. बसलेल्या गाईच्या तोंडात तेल ओतायचा सल्ला शेजारचे तात्या हमखास देतात, ते तेल फुप्फुसात गेलं की मग डॉक्टरलापण काही करता येत नाही.

आणखी एक, जे इतकं तातडीचं नाही पण मनानं करण्यासारखंपण नाही. वैरण, पाणी, पेंड, कुट्टी सगळं तीन आठवडे नीट ठेवून, शेण तपासून, तरी एकच गाय मागं राहत असेल तर तिचे दात, लिव्हर, पोटातलं प्लास्टिक हे डॉक्टरच बघू शकतात. सोलापूर-पंढरपूर रोडला रस्त्यावर मोकळी चरलेली जनावरं पिशव्या खातात, त्या शेणात दिसत नाहीत आणि कुठल्याच पावडरीनं विरघळत नाहीत.

डॉक्टर येईपर्यंत एवढं तयार ठेवा: गाय कधी व्याली, रोज काय-काय किती किलो चारता, गेल्या पंधरा दिवसात काय बदललं, शेवटचं जंतनाशक कधी आणि कुठलं, आणि आत्ता जे काही पाकीट चालू आहे ते लेबलसकट. पाकीट फेकून दिलं असेल तर दुकानदाराला फोन करून नाव विचारून घ्या.